एक हिशोबपट्टी, पाच वातावरणे: सांगलीतील एका जावास्क्रिप्ट मॉड्यूलच्या रॅपरचे प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, वजन झाले, की अडत दुकानातून शेतकऱ्याला हिशोबपट्टी मिळते. पोती किती, वजन किती, दर काय, हमाली, तोलाई आणि इतर कपाती वजा जाता हाती किती रक्कम येणार, एवढाच तिचा मजकूर असतो. ही आकडेमोड करणारा जावास्क्रिप्टचा कोड शहरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने लिहिलेला होता. कोड काही शे ओळींचा, दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीवर न विसंबणारा आणि वाचायला सोपा होता. अडचण कोडच्या आत नव्हती. तो ज्या वेगवेगळ्या मार्गांनी लोड होत होता, त्या मार्गांत होती. त्या कोडला सर्वत्र चालेल असे एकच रूप देण्याचे काम कसे झाले, त्यात रॅपर (कोडभोवतीचे, तो कोणत्या मार्गाने द्यायचा हे ठरवणारे वेष्टन) कोठे फसला आणि कोणते निर्णय का घेतले, याची ही नोंद आहे. या कामात माझा सहभाग रॅपर लिहिण्यापुरता आणि त्याच्या चाचण्या उभारण्यापुरता होता.

हा कोड पाच प्रकारच्या वातावरणांत चालत असे. काही दुकानांत एक जुने वेबपेज संगणकावर फाइल म्हणूनच ठेवलेले होते. त्यावर डबल-क्लिक केले की ते ब्राउझरमध्ये उघडत असे आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने कोड लोड करत असे. व्यापाऱ्यांच्या वेबसाइटवरील दराची पानेही याच पद्धतीची होती. दुसरे वातावरण म्हणजे अनेक दुकानांचा एकत्रित हिशोब दाखवणारा डॅशबोर्ड. तो दुसऱ्या पुरवठादाराने रिक्वायरजेएस (ब्राउझरमध्ये कोडच्या फाइली मागवणारा लोडर) वापरून बांधलेला होता. तिसरे, शेतकऱ्याला एसएमएस पाठवणारा, नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालणारा सर्व्हर. चौथे, इलेक्ट्रॉनवर (वेबपेजच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याच्या साधनावर) बनवलेला बिलिंगचा डेस्कटॉप प्रोग्राम, जो इंटरनेट नसतानाही चालावा म्हणून केला होता. पाचवे, व्हीट हे बिल्डचे साधन वापरून नव्याने सुरू केलेले मोबाइलसाठीचे वेब अॅप.

प्रत्येक वातावरणासाठी फाइलची वेगळी प्रत केली गेली होती. प्रतींचा आरंभ आणि शेवट वेगळा, मधला भाग तोच, अशी सुरुवातीची योजना होती. परंतु मधला भाग तोच राहिला नाही. राउंडिंगचा नियम एका प्रतीत बदलला गेला आणि बाकीच्यांत पोहोचला नाही. त्याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणाने सांगता येईल. समजा, ७ क्विंटल ४३ किलो हळद १४,३५० रुपये दराने गेली, तर एकूण रक्कम १,०६,६२०.५० रुपये होते. कपाती ८६.४०, ३१.३० आणि १२.४० अशा तीन असतील, तर त्यांची बेरीज १३०.१० होते. सगळा हिशोब पैशांत करून शेवटी एकदाच रुपयाला राउंड केला, तर हाती १,०६,४९० रुपये येतात. पण प्रत्येक रक्कम आधी राउंड करून मग वजाबाकी केली, तर १,०६,६२१ मधून १२९ जातात आणि १,०६,४९२ उरतात. छापलेल्या पट्टीवर एक आकडा आणि मोबाइलवर दुसरा आला की, शेतकरी दुकानाच्या पायरीवर उभा राहून विचारणारच, “दिवाणजी, दोन रुपये कुठं गेले?” दोन रुपयांचे मोल कोणाला वाटो न वाटो, हिशोबाच्या कागदावरचा विश्वास अशा फरकाने उडतो. म्हणून ‘प्रती बंद, मूळ फाइल एकच’ ही या कामाची पहिली आणि न बदलणारी अट ठरली.

एकाच भाषेतल्या कोडला पाच दारे का लागतात, हे समजण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक आहे. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरसाठी जन्माला आली, तेव्हा तिच्यात मॉड्यूलची, म्हणजे कोडचे स्वतंत्र तुकडे करून ते एकमेकांत वापरण्याची, कोणतीही व्यवस्था नव्हती. प्रत्येक स्क्रिप्ट आपले नाव ग्लोबल ऑब्जेक्टवर, म्हणजे सर्व स्क्रिप्टना दिसणाऱ्या सामाईक जागेत, ठेवत असे आणि पुढची स्क्रिप्ट ते तेथून घेत असे. २००९ मध्ये सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टसाठी कॉमनजेएस हा संकेत पुढे आला आणि त्याच वर्षी आलेल्या नोडने तो उचलला. त्यात फाइल रिक्वायर केली, म्हणजे नावाने मागितली, की ती तत्क्षणी वाचून, चालवून तिचा निकाल हाती मिळतो. डिस्कवरची फाइल अशी वाचणे शक्य असते. नेटवर्कवरून येणाऱ्या फाइलसाठी ब्राउझरला तसे ताटकळत ठेवणे योग्य नव्हते. म्हणून ब्राउझरसाठी एएमडी (असिंक्रोनस मॉड्यूल डेफिनिशन) हा निराळा संकेत तयार झाला. त्यात डिफाइन नावाच्या फंक्शनला आपण काय काय लागते ते सांगतो आणि सर्व काही आल्यावर चालवायचे फंक्शन देतो. जेम्स बर्क यांचे रिक्वायरजेएस हा या संकेताचा सर्वांत परिचित लोडर. भाषेची स्वतःची मॉड्यूल पद्धत २०१५ च्या मानकात आली आणि २०१८ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचली. दरम्यानच्या काळात लिहिलेले प्रोग्राम मात्र आपापल्या काळाचा संकेत घेऊन आजही कामावर आहेत.

या तिन्ही जुन्या मार्गांना एकाच फाइलमधून उत्तर देणाऱ्या रॅपरला युनिव्हर्सल मॉड्यूल डेफिनिशन, थोडक्यात यूएमडी, म्हणतात. त्याची रचना दोन फंक्शनांची असते. आतल्या फंक्शनात, म्हणजे फॅक्टरीत, खरे काम असते. बाहेरचे फंक्शन आजूबाजूला पाहते: डिफाइन नावाचे फंक्शन आहे आणि त्याला एएमडी नावाची प्रॉपर्टी आहे, तर लोडर एएमडीचा, मॉड्यूल किंवा एक्स्पोर्ट्स नावाचा ऑब्जेक्ट आहे, तर कॉमनजेएस, यांपैकी काहीच नसेल, तर साधे वेबपेज समजून फॅक्टरीचा निकाल ग्लोबल ऑब्जेक्टवर ठेवायचा. आमच्या प्रकरणात ते ग्लोबल नाव ‘पट्टी’ होते.

या रचनेत एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रॅपरला वातावरण कोणते आहे हे कोणी सांगत नाही. तो खुणांवरून ते ताडतो. खूण खोटी निघाली, तर तो चुकीच्या दारातून आत जातो आणि बहुतेक वेळा कोणतीही तक्रार न करता जातो. पुढे आलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ हेच होते.

रॅपरच्या आधी दुसरा एक पर्याय चर्चेत होता: सर्वांनाच नव्या मॉड्यूल पद्धतीवर न्यावे. मला स्वतःला हा पर्याय मनापासून आवडला असता, परंतु दोन ठिकाणी वाट अडत होती. डॅशबोर्ड दुसऱ्याच्या ताब्यात होता. आणि दुकानांतले पान डिस्कवरून थेट उघडले जात होते; क्रोमसारखा ब्राउझर अशा पानात मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट लोडच होऊ देत नाही, कारण डिस्कवरील फाइलला त्याच्या लेखी कोणताही ओरिजिन (फाइल कोणत्या वेबसाइटवरून आली ती ओळख) नसतो आणि मॉड्यूल आणताना तर ओरिजिनची तपासणी सक्तीची असते. साध्या स्क्रिप्टला हे बंधन नाही. प्रत्येक दुकानात लहानसा लोकल सर्व्हर बसवावा, असे एकाने सुचवले; पण हळदीच्या ऐन हंगामात बिलाची रांग लागलेली असताना तो सर्व्हर बंद पडला, तर तो कोण सुरू करणार, या प्रश्नाला उत्तर नव्हते. मूळ कोड नव्या पद्धतीने लिहायचा आणि बिल्डच्या वेळी त्यापासून दोन फाइली काढायच्या, एक यूएमडी आणि एक नव्या मॉड्यूल पद्धतीची, असे ठरले. बिल्डसाठी रोलअप हे साधन घेतले.

एकाच फाइलमध्ये चौथी शाखा घालून नव्या पद्धतीचीही सोय का केली नाही, असा प्रश्न कंपनीतल्या नव्या मुलांनी विचारला, आणि तो रास्त होता. डिफाइन किंवा मॉड्यूल ही चालू कोडमधली नावे आहेत. ती आहेत की नाहीत, हे अट घालून पाहता येते. एक्स्पोर्ट हा नव्या पद्धतीतला शब्द मात्र व्याकरणाचा भाग आहे. तो फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवरच येऊ शकतो, अटीच्या आत बसत नाही, आणि साध्या स्क्रिप्टमध्ये आढळला तर ब्राउझर पूर्ण फाइलच सिंटॅक्स एरर देऊन नाकारतो. त्यामुळे दोन फाइली अपरिहार्य आहेत.

डॅशबोर्डवरील अडचण

कंपनीत आधीपासून वापरात असलेला रॅपरचा साचा घेऊन पहिली यूएमडी फाइल बनली. डॅशबोर्डवर ती बसवताच दोन गोष्टी घडल्या. त्या पानाच्या सामाईक टेम्प्लेटमध्ये रिक्वायरजेएस अगदी वर, हेड भागात लोड होत होते, तर आमची फाइल खाली साध्या स्क्रिप्ट टॅगने येत होती आणि तिच्यानंतरचा जुना कोड ‘पट्टी’ हे ग्लोबल नाव शोधत होता. रॅपरने डिफाइन पाहिले, एएमडीचे दार धरले आणि ग्लोबल नाव कोठेच ठेवले नाही. त्याशिवाय रिक्वायरजेएसने ‘मिसमॅच्ड अनॉनिमस डिफाइन’ ही त्याची सुपरिचित एरर दाखवली.

ही एरर का येते, ते समजून घेण्यासारखे आहे. रिक्वायरजेएस जेव्हा स्वतः एखादी फाइल आणते, तेव्हा ती फाइल लोड झाल्याच्या क्षणी आलेले निनावी डिफाइन त्या फाइलच्या नावाशी जोडता येते. आपण हाताने स्क्रिप्ट टॅग लिहिला, तर लोडरच्या रांगेत एक डिफाइन येऊन पडते, पण ते कोणी मागवले होते याचा लोडरला पत्ता नसतो. पुढे रांग तपासताना त्याला निनावी मॉड्यूल सापडते आणि ते कोणाच्या नावे मांडावे हे न कळल्याने तो थांबतो.

पुरवठादाराने आमचा स्क्रिप्ट टॅग रिक्वायरजेएसच्या वर न्यावा, हा सर्वांत सरळ उपाय होता. तेव्हा डिफाइन अस्तित्वातच नसते आणि ग्लोबलची शाखा आपोआप चालते. टेम्प्लेट इतर अनेक पानांशी बांधलेले असल्याने ते शक्य झाले नाही. शेवटी जेक्वेरी या प्रसिद्ध जावास्क्रिप्ट लायब्ररीने २०११ मध्ये १.७ या आवृत्तीपासून जी वाट धरली, तीच आम्ही धरली. जेक्वेरी एएमडी दिसल्यावर स्वतःला ठरलेल्या नावाने नोंदवते आणि शिवाय ग्लोबल नावही ठेवते. नाव दिलेले डिफाइन रांगेत पडले तरी लोडर अडत नाही, कारण ते कोणाचे हे त्यावरच लिहिलेले असते. याची किंमतही आहे: नाव एकदा ठरले की लोडरच्या कॉन्फिगरेशनमध्ये तेच नाव वापरावे लागते, फाइल हवी त्या नावाखाली मांडता येत नाही. अनेक जाणकार म्हणूनच नाव देण्याच्या विरोधात असतात आणि सर्वसाधारण लायब्ररीसाठी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. येथे पान मिश्र होते, ते आमच्या हातात नव्हते आणि लायब्ररीचे नाव बदलण्याचे कारण कोणालाच नव्हते, म्हणून ही किंमत परवडणारी ठरली.

एक्स्पोर्ट्स नावाचा डिव्ह

दुसरी अडचण या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक शिकवणारी होती. हळद आणि बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या एका पेढीच्या वेबसाइटवर आजचे दर लाख-हजारांच्या मांडणीत दाखवण्यासाठी आमची लायब्ररी वापरली जात होती. पान साधे होते. रिक्वायरजेएस नाही, नोड नाही, बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारे साधन) नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्याने एके दिवशी पान लवकर दिसावे म्हणून स्क्रिप्ट टॅग हेडमधून काढून बॉडीच्या शेवटी नेला. असा बदल सर्वत्र सुचवला जातो आणि त्यात गैर काही नाही. त्यानंतर मात्र दरांच्या जागी काहीच दिसेना आणि कन्सोलवर ‘पट्टी’ हे नाव डिफाइन केलेले नाही, एवढी एकच एरर येई. फाइल पूर्ण लोड झालेली होती. फाइलच्या आत एकही एरर नव्हती.

कन्सोलमध्ये टाइपऑफ (नावामागे कोणत्या प्रकारची गोष्ट आहे ते सांगणारा शब्द) लावून तिन्ही खुणा तपासल्या. डिफाइन अनडिफाइन्ड (म्हणजे असे काही नाही) आले, मॉड्यूलही अनडिफाइन्ड आले, पण एक्स्पोर्ट्स ऑब्जेक्ट आले. साध्या वेबपेजवर एक्स्पोर्ट्स नावाचे काही असण्याचे कारणच नव्हते. मग ते नाव तसेच कन्सोलवर लिहून एंटर दाबले, तेव्हा ब्राउझरने पानावरचा एक डिव्ह दाखवला. तो निर्यातीच्या माहितीचा विभाग होता. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा आणि २०१८ मध्ये ते मिळालेली सांगलीची हळद यांची परदेशी ग्राहकांसाठी दिलेली माहिती त्यात होती, आणि मेन्यूतून थेट तेथे उडी मारता यावी म्हणून त्याला ‘एक्स्पोर्ट्स’ असा आयडी दिलेला होता.

ब्राउझरमध्ये आयडी दिलेला प्रत्येक एलिमेंट त्या नावाने विंडोवर, म्हणजे ब्राउझरच्या ग्लोबल ऑब्जेक्टवर, उपलब्ध होतो. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररपासून चालत आलेली ही सवय नंतर एचटीएमएलच्या मानकातही नोंदली गेली, कारण ती काढली तर असंख्य जुनी पाने मोडली असती. आमच्या रॅपरची अट एवढीच होती की एक्स्पोर्ट्स हा ऑब्जेक्ट असला की वातावरण कॉमनजेएसचे समजावे. डिव्ह हाही ऑब्जेक्टच. रॅपरने तो फॅक्टरीच्या हाती दिला आणि फॅक्टरीने रक्कम काढणारी, राउंड करणारी, आकडे मांडणारी आपली सगळी फंक्शने निमूटपणे त्या डिव्हवर नेऊन ठेवली. जावास्क्रिप्टमध्ये कोणत्याही एलिमेंटवर नवी प्रॉपर्टी ठेवता येते, म्हणून तक्रार कोठेच उठली नाही. कन्सोलवरून त्या डिव्हच्या नावाने आमचे फंक्शन बोलावले, तर रक्कम अगदी अचूक येत होती. स्क्रिप्ट हेडमध्ये असताना हे घडत नव्हते, कारण ती चालण्याच्या वेळी डिव्ह अजून तयारच झालेला नसे.

ही अडचण जगात कोणाला आलीच नव्हती असे नाही. यूएमडीच्या प्रचलित साच्यांपैकी एकात एक्स्पोर्ट्सला नोडनेम ही पानावरच्या एलिमेंटला असणारी प्रॉपर्टी आहे का, हे पाहण्याची अट आहे. लोडॅश या लायब्ररीच्या कोडमध्ये नोडटाइपची अशीच अट आहे. ज्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही, त्याला ती अट निरर्थक वाटते आणि साचा सुटसुटीत करताना ती सर्वांत आधी गळते. कंपनीच्या साच्यातून ती तशीच गळलेली होती. आम्ही एक्स्पोर्ट्सची खूण पूर्णपणे सोडून दिली आणि मॉड्यूल हा ऑब्जेक्ट आहे का व त्याला एक्स्पोर्ट्स ही प्रॉपर्टी आहे का, असे दोन टप्प्यांत पाहू लागलो. उद्या एखाद्या पानावर मॉड्यूल असा आयडी आला तरी त्या एलिमेंटला एक्स्पोर्ट्स नावाची प्रॉपर्टी नसते, त्यामुळे अट फसत नाही. डिफाइनच्या खुणेला हा धोका मुळातच कमी आहे, कारण तेथे फंक्शन असण्याची अट आहे आणि शिवाय एएमडी या प्रॉपर्टीची दुसरी खातरजमा आहे. एएमडीचा संकेत ठरवणाऱ्यांनी ती प्रॉपर्टी सुचवली, ती नेमकी अशाच गैरसमजातून सुटण्यासाठी: डिफाइन हे नाव दुसऱ्या कोणाच्याही फंक्शनचे असू शकते.

डेस्कटॉप प्रोग्राम

इलेक्ट्रॉनमधली अडचण नेमकी उलट स्वरूपाची होती. तेथे खूण खरी होती, तरीही निकाल चुकत होता. त्या प्रोग्रामची खिडकी म्हणजे ब्राउझरचे पानच, पण त्यात नोडची सोय चालू ठेवलेली होती. त्यामुळे स्क्रिप्ट टॅगने आणलेल्या फाइललाही मॉड्यूल आणि एक्स्पोर्ट्स दोन्ही दिसत. रॅपर कॉमनजेएसच्या दाराने जाई आणि खिडकीतला कोड ग्लोबल नावाची वाट पाहत बसे. इलेक्ट्रॉनमध्ये जेक्वेरीचे डॉलर चिन्ह का सापडत नाही, हा जो प्रश्न अनेकांना पडतो, त्याचे कारणही हेच आहे.

विंडो अस्तित्वात असेल तर कॉमनजेएसच्या शाखेतही ग्लोबल नाव ठेवावे, असा प्रस्ताव पुढे आला. डॅशबोर्डसाठी ग्लोबल ठेवलेच आहे, मग येथे का नको, हा त्यामागचा युक्तिवाद होता. मी त्याला विरोध केला आणि तो मान्य झाला. डॅशबोर्ड आपल्या हाती नव्हता. हा प्रोग्राम आपलाच होता. शिवाय खिडकीत नोडची सोय उघडी ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेच अयोग्य आहे. इलेक्ट्रॉनने ५ व्या आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवली आहे आणि १२ व्या आवृत्तीपासून पानाचे व प्रीलोड स्क्रिप्टचे (पानाच्या कोडआधी चालणाऱ्या स्क्रिप्टचे) संदर्भही वेगळे केले आहेत. प्रोग्राम जुन्या आवृत्तीवर असल्याने हा बदल त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. आवृत्ती वाढवली, प्रिंटर आणि डिस्कची कामे प्रीलोडमधून मोजक्या फंक्शनांद्वारे खिडकीला दिली, आणि मॉड्यूल हे नाव खिडकीतून नाहीसे होताच रॅपर आपसूक ग्लोबलच्या शाखेत गेला. एका बिघडलेल्या रचनेसाठी रॅपरमध्ये चार ओळी वाढवल्या असत्या, तर ती रचना सुधारण्याचे कारणच उरले नसते.

बिल्ड आणि पॅकेज

रॅपरमध्ये ग्लोबल ऑब्जेक्ट मिळवण्याची पद्धतही बदलावी लागली. जुन्या साच्यांत वरच्या पातळीवरचे ‘धिस’ (चालू संदर्भाचा ऑब्जेक्ट दाखवणारा शब्द) आत पाठवले जाते. साध्या स्क्रिप्टमध्ये ते विंडो असते, पण नव्या मॉड्यूल पद्धतीत ते अनडिफाइन्ड असते. एखाद्या बंडलरने यूएमडी फाइल मॉड्यूल समजून घेतली, तर ग्लोबलची शाखा अनडिफाइन्डवर नाव ठेवू पाहते आणि कोसळते. नवे फंक्शन बनवून त्यातून ‘धिस’ काढण्याची युक्ती कडक कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे नियम) असलेल्या पानावर चालत नाही. म्हणून आधी २०२० च्या मानकातले ग्लोबलधिस, ते नसेल तर सेल्फ, आणि तेही नसेल तरच ‘धिस’, असा क्रम ठेवला.

रोलअप स्वतःही यूएमडी रॅपर बनवून देते, आणि बहुतेकांना तोच पुरेसा असतो. तो कॉमनजेएस आधी आणि एएमडी नंतर तपासतो, आणि एएमडीच्या शाखेत ग्लोबल नाव ठेवत नाही. आम्हाला ते हवे होते, म्हणून रोलअपकडून कॉमनजेएस स्वरूपाचा मजकूर घेऊन त्याच्या वर आणि खाली आमचा रॅपर बॅनर व फुटर म्हणून चिकटवला. याचा एक अनपेक्षित लाभ झाला. नोड जेव्हा कॉमनजेएस फाइल नव्या इम्पोर्टने घेतो, तेव्हा ती चालवण्याआधी तिचा मजकूर चाळून त्यातली एक्स्पोर्ट होणारी नावे हेरतो. या चाळणीला फंक्शनांच्या सीमा कळत नाहीत. ‘एक्स्पोर्ट्स डॉट अमुक’ असे लिहिलेले दिसले की ती नाव टिपते. आमच्या फॅक्टरीच्या पॅरामीटरचे नाव एक्स्पोर्ट्स असेच असल्याने ही नावे तिला सापडली. फाइल मिनिफाय केली, म्हणजे आकाराने लहान केली, की पॅरामीटरचे नाव एका अक्षराचे होते आणि ती सोय जाते, म्हणून सर्व्हरसाठीची प्रत मिनिफाय न करण्याचे ठरले.

पॅकेजच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट्स या विभागात इम्पोर्ट करणाऱ्याला नवी फाइल आणि रिक्वायर करणाऱ्याला यूएमडी फाइल मिळेल अशी योजना केली. यूएमडी फाइलचे एक्स्टेन्शन सीजेएस ठेवले. पॅकेजचा प्रकार मॉड्यूल असा जाहीर केला असताना साध्या जेएस एक्स्टेन्शनची फाइल नोड नव्या पद्धतीची समजतो आणि रॅपर पुन्हा चुकीच्या जगात उतरतो.

येथे एक धोका मात्र खोलवर होता. सर्व्हरवर जुने रिपोर्ट रिक्वायर वापरत होते आणि नवा एसएमएसचा भाग इम्पोर्ट. एकाच प्रक्रियेत दोन्ही चालले की लायब्ररीच्या दोन स्वतंत्र प्रती स्मृतीत येतात. लायब्ररीत हमाली आणि तोलाईचे दर एकदा सेट करून ठेवण्याचे फंक्शन होते. एका प्रतीत सेट केलेले दर दुसरीला ठाऊकच नसतात. म्हणजे ज्या फरकासाठी हा सारा उद्योग मांडला, तोच फरक मागच्या दाराने परत आला असता. नव्या पद्धतीची फाइल ही यूएमडी फाइलचेच दार करावी, हा एक उपाय होता. आम्ही त्याहून मूलगामी उपाय पत्करला: लायब्ररीने काहीही लक्षात ठेवायचे नाही. दर प्रत्येक वेळी हिशोबासोबतच द्यायचे. ते फंक्शन काढून टाकले आणि वापरणाऱ्या सर्व ठिकाणी थोडा थोडा बदल केला. या प्रकरणात घेतलेल्या निर्णयांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच, कारण त्यानंतर किती प्रती लोड झाल्या याने उत्तर बदलत नाही.

मोबाइल अॅपमध्ये काम सर्वांत थोडके झाले. तेथे कोणीतरी यूएमडी फाइल थेट सोर्स फोल्डरमध्ये टाकून इम्पोर्ट केली होती आणि ब्राउझर तिच्यात डीफॉल्ट एक्स्पोर्ट नाही असे सांगत होता. व्हीट डेव्हलपमेंटच्या वेळी नोड मॉड्यूल्समधल्या कॉमनजेएस फाइली रूपांतरित करून देते, पण आपल्या स्वतःच्या सोर्सला हात लावत नाही. ती फाइल काढून पॅकेज म्हणून घेताच नवी फाइल मिळाली आणि प्रश्न संपला.

चाचण्यांसाठी प्रत्येक वातावरणाचे एक लहान पान केले: साधा स्क्रिप्ट टॅग, डिस्कवरून उघडलेले पान, रिक्वायरजेएसने मागवलेली फाइल, रिक्वायरजेएस असलेल्या पानावर हाताने लिहिलेला स्क्रिप्ट टॅग, एक्स्पोर्ट्स आयडीचा डिव्ह असलेले पान, मॉड्यूल आयडीचा डिव्ह असलेले पान आणि कडक सिक्युरिटी पॉलिसीचे पान. नोडमध्ये रिक्वायर आणि इम्पोर्ट दोन्ही एकाच प्रक्रियेत चालवले जातात. वर दिलेला ७ क्विंटल ४३ किलोचा हिशोब सगळीकडे मांडला जातो आणि कोठेही १,०६,४९० खेरीज दुसरा आकडा आला, तर बिल्ड थांबतो. पाने हेडलेस (खिडकी न दाखवता चालणाऱ्या) ब्राउझरमध्ये उघडली जात असल्याने माणसाने एकेक पाहण्याची गरज उरलेली नाही.

सध्या छापील पट्टी, एसएमएस, डॅशबोर्ड आणि मोबाइल यांवर एकाच मूळ फाइलमधून निघालेला हिशोब दिसतो. रॅपरमधली एएमडीची शाखा आणि तिच्यातील ग्लोबल नाव यांवर कोडमध्येच टीप लिहिलेली आहे की ती डॅशबोर्डच्या त्या टेम्प्लेटसाठी आहेत. पुरवठादाराने डॅशबोर्ड नव्या बांधणीवर नेला की ही शाखा आणि तिची दोन चाचणी-पाने एकाच वेळी काढायची आहेत. दुकानातले डिस्कवरचे पान मात्र दुकानदारांना सोयीचे आहे आणि ते बदलण्याचा कोणताही विचार नाही, त्यामुळे साध्या स्क्रिप्टची शाखा पुढेही राहील.